जुन्या गाडीच्या लेदर सीट: किनाऱ्याच्या दमट हवेत दुरुस्ती, रंगकाम आणि बुरशी

खाडीकाठ (रत्नागिरी)
गाडी २००८ची सेडान, सीट बेज लेदरच्या. चालकाच्या सीटची दाराकडची कड पार गेलीय. तिथला रंग उडून खालचं राखाडी दिसतंय, बसायच्या जागेवर बारीक भेगांचं जाळं झालंय आणि बसायच्या गादीच्या बाहेरच्या शिवणीत दोनेक इंच उसवलंय. मागच्या सीटवर दर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. वरून कव्हरं चढवायची नाहीत, मूळ चामडंच वाचवायचंय. घरी काय होण्यासारखं आहे आणि कुशनवाल्याकडे काय द्यावं? गणपतीच्या आधी उरकता येईल का?

सुईदोरा (चिपळूण)
गणपतीच्या आधी फक्त सफाई आणि शिवण. रंग नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी चामडं कुठे आहे आणि कुठे नाही ते बघा. "लेदर सीट" म्हणून विकलेल्या बहुतेक गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजूच्या पट्ट्या, पाठीमागचा भाग, कधीकधी हेडरेस्टसुद्धा रेक्झिनचं असतं. सीट पुढे सरकवून गादीच्या खालची कड उलटी करून बघा. आतून लव असलेलं, तंतुमय दिसलं तर चामडं. विणलेलं कापड किंवा जाळी दिसली तर रेक्झिन. वरच्या बाजूने ओळखायला जाऊ नका, दाण्याचा छाप दोन्हींवर सारखाच मारलेला असतो.

हे आधी का सांगतोय, तर रेक्झिन दोन जातींचं असतं, पीव्हीसी आणि पीयू (पॉलियुरेथेन), आणि चामडं धरून या तिन्ही मालांची दुखणी वेगळी आहेत. चामड्याचा रंग जातो, तंतू उघडे पडतात, पण ते दुरुस्त होतं. पीव्हीसी रेक्झिन कडक होऊन तडकतं, कारण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतं. त्यावर रंग बसतो, लवचीकपणा मात्र परत येत नाही. तिसरं पीयू. त्याचे पापुद्रे सुटायला लागले की इलाज नाही. हवेतल्या बाष्पाने आणि उष्णतेने पीयूची साखळीच तुटत जाते, त्यामुळे आपल्याकडे ते लवकर सुटतं. पापुद्रे काढून रंग मारला तरी शेजारचा भाग सुटतो. तो पट्टा बदलायचा, दुसरं काही करू नये.

रंगछटा (कुडाळ)
सुईदोरा यांच्याशी सहमत. आता चामड्याबद्दल.

गाडीच्या चामड्यावर बहुतेक वेळा रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक पीयूचा संरक्षक थर. आपला हात लागतो तो या वरच्या थराला, चामड्याला नाही. कड झिजते म्हणजे आधी हा थर जातो, मग रंग, मग तंतू उघडे पडतात. उघड्या तंतूंत घाम आणि तेल मुरतं, ते सुकून आखडतात आणि भेगा पडतात. तुमच्या कडेला राखाडी दिसतंय ते क्रोमने कमावलेल्या चामड्याचं मूळ अंग. म्हणजे चामडं अजून शाबूत आहे.

हेडरेस्ट रेक्झिनचं नाही ना याची खात्री करून त्याच्या मागे पाण्याचा एक थेंब टाका. मणी होऊन बसला तर थर आहे. मिनिटभरात मुरून डाग काळवंडला तर बिनथराचं ॲनिलिन चामडं, त्याला खाली सांगितलेली रीत चालणार नाही. झिजलेल्या जागी ही परीक्षा घेऊ नका. तिथे थेंब मुरणारच.

आणि एक. बाटलीवर "लेदर नरिशिंग" लिहिलेलं कंडिशनर भेगा भरत नाही. शाबूत थरातून ते आत फारसं जातच नाही. वरचा थर स्वच्छ ठेवायला, घर्षण कमी करायला त्याचा उपयोग. उडालेला रंग त्याने परत येत नाही.

दर्यावर्दी (मालवण)
आमच्याकडे सगळे सांगतत, महिन्यातसून एकदा खोबरेल चोळूचा, चामडा मऊ रवता. ता चालात काय?

रंगछटा (कुडाळ)
दर्यावर्दी, अजिबात नको. खोबरेल वरच्या थरावर बसून राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. जिथे थर गेलाय तिथे ते तंतूंत मुरतं, आणि मग त्या जागी ना पुट्टी चिकटते ना रंग. डॅशबोर्डला लावायच्या चकचकीत सिलिकॉन पॉलिशचं तेच. सीटवर हात फिरवल्यावर निसरडं लागलं तर समजा पॉलिश आहे.

आधीच तेल लावलं असेल तर त्या जागी टाल्कम पावडरचा जाड थर रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. पावडर पिवळट येणं थांबेपर्यंत हे करत राहा. उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं, पण अल्कोहोल रंगही उचलतं. म्हणून जो भाग पुन्हा रंगवायचाय फक्त तिथेच ते वापरायचं.

पानापक्कड (अलिबाग)
सीट उतरवण्याबद्दल लिहितो, कारण घाई इथेच महागात पडते.

सीट पुढे-मागे सरकवून चारही बोल्टवरची प्लास्टिकची झाकणं काढा. सीट मधोमध आणा. मगच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, नाहीतर विजेवर सरकणारी सीट बोल्ट झाकून तिथेच अडकते. तार काढल्यावर कमीत कमी १० मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला भार उतरू द्यायचा असतो. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टच्या प्रिटेन्शनरचा (धडकेच्या वेळी बेल्ट ताणणाऱ्या यंत्राचा). कनेक्टर सुटलेले असताना चावी फिरवायची नाही, फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि स्कॅनरनेच घालवावा लागतो.

किनाऱ्यावरच्या गाडीत सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट हलत नसेल तर थोडा घट्ट करून मग सोडवा. डोकं गोल झालं की ड्रिलिंगचं काम वाढतं. परत लावताना आटे ब्रशने साफ करून बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. अपघातात माणसाचं वजन याच चार बोल्टांवर येतं.

पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा. असेल तर त्या कडेची शिवण मुद्दाम कमकुवत दोऱ्याची असते, बॅग फुगताना ती फाटावी लागते. तिथे साधा दोरा, गोंद, आतलं ठिगळ, वरचं कव्हर काहीच चालणार नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)
पाहिलं. लेबल पाठीच्या कडेला आहे, उसवलेली शिवण खालच्या गादीची. बसायची जागा आणि दोन्ही कडा चामड्याच्या, पाठीमागचा भाग रेक्झिनचा. हेडरेस्टवर थेंबाचा मणी झाला. भेगांत नख अडकतं, पण पलीकडे गेलेली भेग एकच आहे, कडेच्या वळणावर, साधारण बोटाच्या पेराएवढी.

सुईदोरा (चिपळूण)
मग खालची शिवण निर्धास्त शिवा. पण आधी आतला फोम बघा. खालून कव्हर धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा कापून कव्हर अर्धं सोडवा. कड दबलेली असताना नुसतं वरून रंगवलं, तर चामड्याला तीच सुरकुती पुन्हा पडते आणि रंग त्याच रेषेत तडकतो.

फोम नुसता दबला असेल तर वाफेच्या इस्त्रीने, ओला फडका मध्ये ठेवून, तो बराचसा वर येतो. मग दोन दिवस पंख्याखाली वाळवायचा. ओला फोम कव्हरखाली गेला की बुरशी आतून सुरू होते आणि वरून कितीही पुसा, वास जात नाही. बोटांत चोळल्यावर पिवळा भुगा पडत असेल तर तेवढा तुकडा कापून ४० डेन्सिटीचा फोम रबरी सोल्युशनने चिकटवा. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडायचं. वर ६ ते १० मिमीचा पातळ फोम गुंडाळला की सांधा हाताला लागत नाही. खाली सांगाड्याची गंजलेली तार बाहेर आली असेल तर ती घासून, गंजरोधक रंग मारून, जाड नमद्याने झाका. दाराकडची कड बसण्याचं मूळ कारण पुष्कळदा ही तारच असते.

शिवणीला सुती दोरा नको, आपल्या हवेत तो कुजतो. बाँडेड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा, २० किंवा ३० नंबरचा. घरी करताना जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी समोरासमोर टाका घाला. नवीन भोकं पाडायची नाहीत. चामड्याला भोकांची रांग पडली की पुढे तिथेच फाटतं. उसवणीच्या दोन्ही टोकांना चार-चार जुने टाके पकडून शिवा. कुशनवाल्याकडे दिलं तर मशीनला चामड्याची सुई लावायला सांगा, रेक्झिनची गोल टोकाची नको.

रंगछटा (कुडाळ)
आता मुख्य काम. साहित्य: चामड्याचा पीएच-समतोल क्लीनर, मऊ ब्रश, मायक्रोफायबरचे फडके, ४००, ६०० आणि ८००चा पॉलिशपेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाइंडर, लवचीक पुट्टी, पाण्यात मिसळणारा पिगमेंट रंग, मॅट किंवा सॅटिन टॉपकोट (वरचा संरक्षक थर) आणि त्याचा क्रॉसलिंकर (तो थर पक्का करणारं द्रव्य). पुढच्या दोन सीटना रंग साधारण पाव लिटर, सगळ्या गाडीला अर्धा लिटर धरून चाला. टॉपकोट तेवढाच लागतो.

सफाई. क्लीनर ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. फेस करून गोल गोल घासा आणि फेस सुकायच्या आत पुसा. फडका मळकट येणं थांबलं पाहिजे. भांड्यांचा साबण, डिटर्जंट, अमोनियावालं काच पुसायचं पाणी यातलं काही नको. ते बहुधा अल्कधर्मी असतात, वरचा थर खराब करतात. शिवणीच्या खाचांत सगळ्यांत जास्त मळ असतो आणि रंग सुटायला सुरुवात तिथूनच होते. दातांच्या मऊ ब्रशने त्या खाचा नीट साफ करा.

घासणं. भेगांच्या कडा उचललेल्या असतात, त्या ६००च्या कागदाने बसवा. झिजलेली कड ४००ने सुरू करून ६००वर संपवा. बाकी शाबूत भागाची फक्त चमक घालवायची, ८०० पुरे. मग अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसा. झिजलेल्या जागी जिथे पाणी मणी धरतं तिथे अजून पॉलिश आहे, पुन्हा पुसा.

आरपार भेग. आधी हीच हाताळायची. मागून ठिगळ: पातळ पण घट्ट विणीचं कापड, भेगेपेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेलं. चिमट्याने आत सरकवून सपाट करा, चामड्याच्या मागच्या बाजूला लवचीक गोंद लावा, कडा एकमेकींना भिडवून वर प्लास्टिक आणि वजन ठेवा. रात्रभर तसंच. झटपट सुपरग्लू वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेनेच चामडं कापलं जातं.

बाइंडर. उघड्या तंतूंवर पातळ बाइंडर स्पंजने जिरवा. तीन ते पाच हात, प्रत्येक हात हेअर ड्रायरने कोमट सुकवून. ड्रायर वीतभर लांब आणि हलता. चामडं एकदा जास्त तापून आखडलं की परत येत नाही. सैल तंतू बांधले जातात ते इथे. ही पायरी गाळली तर पुट्टीखालचा तंतूच सुटतो, आणि दोष मात्र पुट्टीला दिला जातो.

पुट्टी. पत्र्याच्या पातळ पट्टीने, कागदाइतका एकेक थर. एकदम जाड भरली तर वरून सुकते, आत ओली राहते, आणि बसल्यावर तडा जातो. प्रत्येक थर सुकल्यावर ६००चा कागद. भेगांचं जाळं शंभर टक्के बुजवायच्या मागे लागू नका. बसायच्या जागी पुट्टी जितकी कमी तितकी टिकाऊ. थोडी सुरकुती राहू द्यावी, जुन्या चामड्याला ती शोभते.

खाडीकाठ (रत्नागिरी)
रंग जुळवायचा कसा? आणि स्प्रे गनच लागेल का?

रंगछटा (कुडाळ)
रंग जुळवायचा तो हेडरेस्टच्या मागच्या, स्वच्छ केलेल्या जागेशी. बसायच्या जागेशी नाही, ती मळून आणि उन्हाने बदललेली असते. बेजसाठी पांढऱ्यात पिवळा ऑक्साइड, मग तपकिरी आणि अगदी शेवटी काळ्याचा थेंब. झगझगीत लिंबू-पिवळा घातला की बेज हिरवट होतो. १० मिलिलिटरचं मिश्रण करा, थेंब मोजून लिहून ठेवा. ओला रंग दुधाळ दिसतो, सुकला की गडद होतो. म्हणून हेडरेस्टवरच टिकली लावून ड्रायरने सुकवा आणि दिवसाच्या सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर हमखास वेगळा दिसतो.

नुसती कड करायची असेल तर स्पंज पुरे. पहिला हात स्पंजने दाबून, म्हणजे रंग भेगांत जातो. पुढचे हात टिपत टिपत, जवळच्या शिवणीपर्यंत नेऊन थांबवायचे. अर्ध्यावर सोडलेली कड नजरेत भरते. सबंध सीट एकसारखी हवी असेल तर मिनी गन, ०.८ ते १ मिमी नोझल, हवेचा दाब २० ते ३० पीएसआय, तीन ते पाच पातळ हात. हात ओला चमकला की जास्त झाला समजा.

टॉपकोटमध्ये क्रॉसलिंकर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, साधारण ५ टक्के असतो. लागेल तेवढाच कालवा, उरलेला दुसऱ्या दिवशी निरुपयोगी. फवारताना काडतूसवाला मास्क आणि हातमोजे हवेतच. कापडी मास्कने ही वाफ अडत नाही. दोन-तीन हात. २४ तास हात लावू नका, दोन दिवस बसू नका, आणि आठवडाभर ओला फडकासुद्धा लावू नका.

जुनी_गाडी (पनवेल)
सीटला बारीक छिद्रं असतील तर?

रंगछटा (कुडाळ)
छिद्रांच्या भागावर पुट्टी नाही, स्पंज नाही. फक्त पातळ स्प्रे, आणि प्रत्येक हातानंतर मागच्या बाजूने ड्रायरची हवा. बुजलेली छिद्रं सुईने मोकळी करायला गेलात की कडेचा रंग उचलतो.

पानापक्कड (अलिबाग)
सप्टेंबरात रंग का नको, ते लिहायचं राहिलं. पाण्यात मिसळणारा रंग पाणी उडून सुकतो. हवाच बाष्पाने भरलेली असली तर वरचा हात सुकल्यासारखा वाटतो, खाली ओल अडकते, आणि टॉपकोट धुरकट होतो किंवा नंतर चिकट राहतो. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. काटा ६५ टक्क्यांच्या खाली असल्याशिवाय डबा उघडू नका. आपल्याकडे हा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळी १० ते दुपारी ४. संध्याकाळी हवा गार होते तशी आर्द्रता पुन्हा चढते.

कॉम्प्रेसरच्या पाइपला पाणी अडवणारा फिल्टर लावाच. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं आणि ऐन टॉपकोटवर गनमधून पाण्याचे थेंब थुंकले जातात. काम सुरू करण्याआधी टाकीखालची चावी उघडून पाणी काढा. एसीच्या खोलीत सीट ठेवून मग बाहेर काढून फवारू नका. थंड चामड्यावर बाहेरच्या हवेचं बाष्प धरतं, डोळ्यांना दिसतही नाही.

सुईदोरा (चिपळूण)
मागच्या सीटच्या बुरशीकडे वळू या. बुरशी पुसणं सोपं, ती परत का येते ते शोधणं महत्त्वाचं. मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा. ओला असेल तर पाणी कुठून तरी येतंय. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजून निचरा तुंबणं, एसीचा पाण्याचा पाइप तुंबून पाणी आत येणं, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटणं, ही नेहमीची तीन ठिकाणं. हे न सोडवता सीटवर कितीही औषध मारा, बुरशी परत येणार.

सफाई उघड्यावर करा, मास्क लावून. सुक्या ब्रशने झटकू नका, बीजाणू सगळ्या गाडीभर होतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, फडक्यावर घेऊन पुसा, दहा मिनिटांनी क्लीनरने, मग कोरड्या फडक्याने. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा. ब्लीच नको, त्याने चामड्याचा तंतूच सडतो. सीटची पाठ खाली पाडून मागचं कापडही बघा, पुष्कळदा मूळ वस्ती तिथे असते.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत घाम सुटतो. हवा खेळती राहील असं कापडी आवरण, तेही गाडी कोरडी असताना. आठवड्यातून दोनदा एसी लावून अर्धा तास चालवा, एसी हवा कोरडी करतो. ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे सीटवर कधीही ठेवू नका. त्यातलं साठलेलं पाणी सांडलं की चामडं आकसून लाकडासारखं होतं आणि तो भाग कायमचा गेला. सिलिका जेल त्या मानाने निर्धोक, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येतं.

जुनी_गाडी (पनवेल)
पुरात बुडालेल्या गाडीच्या लेदर सीट वाचतात का? २०२१च्या जुलैतल्या चिपळूणच्या पुरात सापडलेल्या गाड्या अजून बाजारात येतात, म्हणून विचारतोय.

सुईदोरा (चिपळूण)
चामडं वाचू शकतं, फोम जवळजवळ कधीच नाही. कव्हर लगेच उतरवून गोड्या पाण्याने गाळ धुवायचा आणि सावलीत, ताणून, हळूहळू वाळवायचं. उन्हात टाकलं की आखडून मापात बसत नाही. अशी गाडी घेताना सीटखालच्या रिंगा आणि रुळांच्या खाचा बघा. वरून रंग नवा आणि रिंगांना लाल गंज, खाचांत वाळलेला चिखल, म्हणजे सीट पाण्यात होती. सीटखालचे सेन्सर आणि एअरबॅगचे कनेक्टर हिरवे पडलेले असतील तर सौदा सोडा. चामड्याचा प्रश्नच उरत नाही.

दर्यावर्दी (मालवण)
कडेचा पट्टाच बदलायचा झाला तर कोल्हापुरातून चपलांचं चामडं आणलं तर चालेल का?

सुईदोरा (चिपळूण)
नाही. ते वनस्पतींच्या सालीने कमावलेलं, जाड आणि ताठ, पाण्याचा डाग धरणारं. पायाला उत्तम, सीटच्या वळणावर बसणार नाही. गाडीसाठी क्रोमने कमावलेलं, १ ते १.२ मिमीचं, थर दिलेलं अपहोल्स्ट्री चामडं लागतं. मुंबईत धारावीत मिळतं, चौरस फुटाच्या भावाने. एका कडेच्या पट्ट्याला तुकडा पुरतो, सबंध कातडं घ्यायला नको. जुना पट्टा उसवून तोच नमुना म्हणून वापरा, पण ताणलेला असतो, म्हणून उलटून कागदावर आखताना शिवणीच्या भोकांवरून माप घ्या, कडेवरून नाही.

रंगछटा (कुडाळ)
खाडीकाठ, तुमच्या सीटला पट्टा बदलायची गरज दिसत नाही. आत्ता सफाई, फोम, शिवण आणि मागची बुरशी उरका. आतलं ठिगळही आत्ताच लावून घ्या, म्हणजे भेग वाढणार नाही. बाइंडरपासून पुढचं सगळं दिवाळीनंतर.

तोवर उघड्या कडेवर काही लावू नका, साधा सुती टॉवेल टाकून बसा. किनाऱ्यावरून आलात तर आधी व्हॅक्यूम, मग फडका. वाळू सीटवर असताना पुसलं की फडकाच पॉलिशपेपरचं काम करतो. खाऱ्या पाण्याचा पांढरा डाग सुकला असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने संपूर्ण पट्टा, शिवणीपासून शिवणीपर्यंत, एकसारखा ओलसर करून पुसा. नुसता डाग पुसला तर त्याभोवती नवीन कड उमटते.